एवढ्या लांब कोण जाणार?

“जाऊ दे ना आता. त्या पुण्याला चकरा कोण मारणार?”

आमच्या घरात हे वाक्य महिनाभरात इतक्यांदा बोललं गेलं की शेवटी मी चिडून म्हटलं, “अहो, पुण्याला जायचं म्हणतंय कोण?” मैत्रिणींनो, गोष्ट मोटारसायकलची आहे. बायकांच्या पानावर मोटारसायकल कशाला, असं वाटेल. पण आमच्या घरातली मोटारसायकल बाईचीच आहे. माझ्या लेकीची.

आम्ही सेलूला राहतो, परभणी जिल्ह्यात. माझं ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. लेक २०२४ मध्ये कृषी सहायक म्हणून लागली आणि तिला रोज गावोगाव फिरणं आलं. आधी ती माझी जुनी स्कूटी न्यायची. पण आमच्याकडची काळी माती ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. पाऊस पडला की शिवाराच्या रस्त्यावर ते छोटं चाक रुततं, चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि गाडी जागची हलत नाही. दोनदा स्कूटी ओढत आणल्यावर ती म्हणाली, “आई, मला मोटारसायकलच घ्यायची.” त्यावर तिच्या आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत कुणी काय मत दिलं ते सांगत बसत नाही, तो वेगळा लेख होईल.

माझ्या भिशीचे ४० हजार, तिचे साठवलेले ३५ आणि उरलेले ३७ तिच्या बाबांचे. सगळं मिळून १ लाख १२ हजारांत सव्वाशे सीसीची गाडी. इथल्या शोरूममध्ये तिला हवी ती गाडी दिवाळीनंतर येणार होती आणि लेकीला पाहिजे होती दसऱ्याला. माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्यानं चार ठिकाणी विचारलं आणि फोन केला, “ताई, इथं आहे गाडी. शिवाय दोन हजार सूट देतो म्हणतोय.” मी मोबाईलवरून पैसे पाठवले, भावानं गाडी ताब्यात घेतली, नंबर प्लेट लागलेली गाडी टेम्पोत चढवली. १२ ऑक्टोबरला दसरा, ११ ला गाडी दारात. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. कागदाचं पाकीट मी कपाटात ठेवलं. उघडून बघितलं नाही. हे आधीच कबूल करते, कारण पुढे दुकानदारानं याच गोष्टीवर बोट ठेवलं.

डिसेंबरात एक दिवस लेक साडेपाचला निघाली आणि आठ वाजले तरी घरी आली नाही. फोन लागेना. गाडी गावाबाहेर बंद पडली होती. या नव्या गाड्यांना किक नसते, नुसतं बटण, आणि बॅटरी गेली की बटण दाबून उपयोग नाही. दूध घालून परतणाऱ्या एका बाप-लेकांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली आणि सेलूचे दिवे दिसेपर्यंत ते तिच्या मागे आले. साडेआठला ती घरात आली. मी काही बोलले नाही, तिनेही नाही. चहा केला.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर सर्व्हिस सेंटरला मी गेले. तिथल्या मुलानं बॅटरी तपासली, मग खाली वाकून टायर बघितले आणि म्हणाला, “काकू, गाडी कधी घेतली म्हणता? ही लई दिवस उभी राहिलेली गाडी आहे बघा.” त्यानं टायरवरचे चार आकडे दाखवले. १६२३. म्हणजे २०२३ सालातल्या सोळाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इतकी वर्षं दुचाकीवर मागे बसतेय, पण टायरवर जन्मतारीख असते हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन पाकीट उघडलं. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना होता, ०५/२०२३. विक्रीच्या दाखल्यावर, ज्याला नमुना २१ म्हणतात, तेच. बिल ऑक्टोबर २०२४ चं. म्हणजे सतरा महिने कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडून असलेली गाडी आम्ही ताज्या गाडीच्या भावात घेतली होती, आणि वर दोन हजारांची सूट मिळाली म्हणून खूश होतो. बिलात आणखी गमती होत्या. ‘हँडलिंग चार्जेस’ १८०० रुपये. साडी गार्ड ३५० रुपये. हेल्मेट ९०० रुपये.

मी आधी भावाला फोन केला, आणि तिथेच चुकले. दुकानदाराचा राग त्याच्यावर निघाला. “तू बघितलं नाहीस का?” असं मी म्हणाले आणि तो गप्प झाला. मग म्हणाला, “ताई, मी ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकून गेलो होतो.” पुढचे पंधरा दिवस त्याचा फोन नाही. माहेरचं माणूस एका बॅटरीपायी दुखावलं, याचं मला गाडीपेक्षा जास्त लागलं. ह्यांचं म्हणणं सोपं होतं: बॅटरी घालू नवी, दीड-दोन हजारांचा प्रश्न, विषय संपव. लेकही म्हणाली, “आई, गाडी चालतेय ना आता.”

मला मात्र झोप येईना. पैशांपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. लांबच्या गिऱ्हाइकाला काय द्यायचं आणि जवळच्याला काय, हे दुकानदाराच्या डोक्यात कसं चालतं ते मला चांगलं माहीत आहे. मीही दुकानच चालवते. गल्लीतल्या बाईचा ब्लाउज घट्ट झाला तर मी हातातलं काम सोडून उसवून देते, कारण ती रोज दारावरून जाणार आणि चार जणींना सांगणार. जिंतूरकडून एसटीनं येणाऱ्या बाईला मात्र मी दोन-तीनदा सांगितलंय, “पुढच्या खेपेला आणा, बघू.” पुढची खेप येत नाही हे मला ठाऊक असतं. पुण्याच्या त्या काउंटरवर बसलेल्यानं आमचा पत्ता वाचला असेल, मामा गाडी घेऊन टेम्पोत चढवतोय हे बघितलं असेल, आणि ठरवलं असेल: ही गाडी यांना द्या. एवढ्या लांबून कोण येतंय?

शोरूमला मी सहा फोन केले. पहिल्यांदा म्हणाले सेल्सशी बोला, सेल्सवाले म्हणाले सर्व्हिसशी, सर्व्हिसवाले म्हणाले, “मॅडम, गाडी घेऊन या, बघतो.” सेलूहून पुण्याला, बॅटरी गेलेली गाडी घेऊन! इथलं सर्व्हिस सेंटरही आधी जरा फुगूनच होतं, “पुण्याहून घेतली ना, मग तिथंच दाखवा.” हे मात्र साफ चूक. वॉरंटी कंपनीची असते, विकणाऱ्या दुकानाची नाही, आणि कंपनीच्या कुठल्याही अधिकृत केंद्रावर ती चालते. कंपनीच्या ग्राहक सेवेला एक फोन केल्यावर त्यांचा सूर बदलला.

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एक वकीलबाई आहेत. मापं घेताना सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “पुण्याला कशाला जाता? परभणीला या.” मला वाटलं चेष्टा करतायत.

चेष्टा नव्हती. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात तक्रार साधारणपणे दुकानदार जिथे असेल किंवा व्यवहार जिथे झाला असेल तिथेच करावी लागायची. म्हणजे ‘कोण जाणार’ हा प्रश्न तेव्हा खराच होता. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला आणि त्यात एक ओळ अशी आली की ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही त्याला तक्रार करता येते. मग चकरा मारायच्या त्या पुण्याच्या दुकानदारानं, परभणीला. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आणि त्याच कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचं याची जी यादी आहे तिच्यात, जुना माल नवा आहे असं खोटं सांगून विकणं, हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, त्याच पुण्यातल्या दुकानदारानं आम्हाला गंडवावं याची मला गंमत वाटली. आणि आपल्या आधीच्या बायका तरी कुठे गप्प बसल्या होत्या? १९७२ च्या सुमाराला मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन मुंबईत रस्त्यावर उतरल्या त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या साध्या बायकाच होत्या. मला तर नुसतं पोस्टात जायचं होतं.

पत्र लिहायला मला चार दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात नुसता राग होता. वकीलबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “‘लुटारू’ हा शब्द काढा, तारखा घाला.” मग तारखा घातल्या. पैसे कधी दिले, गाडी कधी आली, कधी बंद पडली, कुणाशी कधी फोनवर बोलले. या बाबतीत आपला हात कुणी धरू शकत नाही. कालनिर्णयवर दुधाचा खाडा, कामवालीची सुट्टी, सिलिंडरची तारीख लिहून ठेवणाऱ्या बायका आपण. मी शोरूमला केलेले सहाही फोन मला त्या कॅलेंडरवर सापडले, गॅसच्या नोंदीशेजारी.

काय मागायचं यावरही विचार केला. लेकीला टायर बदलून हवे होते. सर्व्हिस सेंटरचा तो मुलगा म्हणाला, “काकू, टायर चांगले आहेत, उगं कशाला मागता?” मी टायर सोडून दिले. नवी गाडी द्या असंही लिहिलं नाही, कारण बॅटरी सोडली तर गाडी चांगली होती आणि लेकीचा तिच्यावर हात बसला होता. जुन्या गाडीच्या किमतीतला फरक म्हणून १५ हजार, बॅटरी, आणि बिलातल्या त्या तीन रकमा, एवढं मागितलं. साडी गार्डबद्दल जरा सांगते. मागे माणूस बसवायची सोय असलेल्या दुचाकीला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतकं आवरण, या गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे गाडीबरोबरच असायला हव्यात. नवी दुचाकी घेताना हेल्मेट देणंही नियमात आहे, १३८ व्या. म्हणजे आपल्या पदराच्या जिवासाठी सरकारनं जे सक्तीचं केलं, तेच आपल्याला ‘एक्स्ट्रा फिटिंग’ म्हणून विकलं जातं, आणि आपण, जरा चमकणारं लावा हो, म्हणून पैसे देतो.

पत्राची एक प्रत शोरूमला, एक कंपनीला, दोन्ही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. (२०२५ च्या सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकलंय, पण पोच मिळाल्याचा कागद अजूनही मागून घेता येतो, तेवढा घ्याच.) शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवतात आणि तुमच्या हातात एक नंबर येतो. नंबर हातात आला की समोरच्याचा सूर कसा बदलतो, बघत राहावं.

पंधराव्या दिवशी शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. मला नाही, ह्यांना. “सर, मॅडमना जरा समजवा. घरगुती मिटवून टाकू.” पत्रावर सही माझी आणि लेकीची, नंबर माझा. ह्यांचा नंबर त्यांनी कुठूनतरी शोधून काढला होता! खरं सांगते, त्या क्षणापर्यंत आमचे हे ‘जाऊ दे’ पार्टीतलेच होते. पण त्या ‘समजवा’ शब्दानं काय झालं कोण जाणे. ते म्हणाले, “गाडी पोरीची आहे, पैसे तिचे आणि तिच्या आईचे आहेत. मला कशाला फोन केला?” आणि फोन माझ्या हातात दिला.

मॅनेजर हुशार होता. “मॅडम, आरसीवर आणि दाखल्यावर महिना छापलेला होता. आम्ही लपवलं कुठे? तुम्ही वाचायला पाहिजे होतं.” मुद्दा अगदीच खोटा नव्हता आणि मी क्षणभर अडखळले. मग म्हटलं, “कागद तुम्ही पैसे घेतल्यावर दिले. पैसे घेण्याआधी काय सांगितलं होतं ते बोला.” तो म्हणाला, “काय सांगितलं होतं? काही पुरावा?”

पुरावा माझ्याकडे नव्हता. होता तो भावाकडे, आणि भाऊ बोलत नव्हता.

त्या रात्री मी त्याला फोन केला. गाडीचं काही काढलं नाही. म्हटलं, “मी तुला तसं बोलायला नको होतं.” तो जरा वेळानं म्हणाला, “मला वाटलं तू मला दुकानदाराचा माणूस समजतेस.” मग दोघंही हसलो, थोडं रडलोही. दहा मिनिटांत त्यानं सेल्समनचे जुने मेसेज पाठवले. त्यात ४ ऑक्टोबरला लिहिलं होतं: ‘सर, फ्रेश स्टॉक आहे, याच आठवड्यात कंपनीतून आली.’ गाडीच्या फोटोसकट. मी ते तसंच मॅनेजरला पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं की पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर परभणीच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन.

आधी तीन सर्व्हिसिंग फुकट देऊ म्हणाले. मग पाच हजार. मग चार दिवस शांतता. या चार दिवसांत मी दोनदा ढेपाळले. पाच हजार घेऊन मोकळं व्हावं असं वाटलं, कारण लग्नसराईचं काम अंगावर होतं आणि दर फोननंतर हात थरथरायचे, सुईत दोरा जाईना. ज्यांना भांडायची सवय नाही त्यांना या गोष्टी फार थकवतात, हे कुणी सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये शेवटी ठरलं: फरकाचे १० हजार, सर्व्हिस सेंटरला इथेच नवी बॅटरी, आणि ते हँडलिंग, साडी गार्ड, हेल्मेटचे ३०५० रुपये परत. मागितलं त्यापेक्षा पाच हजार कमी. वकीलबाई म्हणाल्या, आयोगात गेलात तर जास्तही मिळेल, पण वेळ लागेल. मी घेतलं. काही मैत्रिणी म्हणतात, सोडायला नको होतं, धडा शिकवायचा. मला धडा शिकवायचा नव्हता. मला माझ्या पोरीच्या गाडीची बॅटरी हवी होती आणि कुणीतरी मान्य करायला हवं होतं की आम्हाला जुनी गाडी नवी म्हणून दिली गेली.

म्हणून त्यांनी सहीसाठी जो कागद पाठवला तो वाचून मी थांबले. या वेळी मी कागद वाचला! त्यात लिहिलं होतं की आमची कोणतीही तक्रार नव्हती, गैरसमज झाला होता, तो दूर झाला, आणि सद्भावना म्हणून अमुक रक्कम दिली जात आहे. सही करून पाठवा, मग पैसे जमा करू.

मी दोन गोष्टी कळवल्या. पैसे आधी, सही नंतर. आणि ती ‘गैरसमजाची’ ओळ बदला. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, आता शब्दांत काय एवढं?” मी म्हटलं, “शब्दांत काही नसेल तर बदलायला हरकत काय?”

२०२५ च्या २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या गल्लीतही दोन नव्या गाड्या आल्या. एका वहिनींची गाडी नांदेडहून आणायची होती. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, पैसे पाठवायच्या आधी उत्पादनाचा महिना लिहून मागा आणि टायरचा फोटो मागा. दुकानदार जरा कुरकुरला म्हणे, पण फोटो आला.

आमचे पैसे लेकीच्या खात्यात एका गुरुवारी जमा झाले. शुक्रवारी बदललेला कागद आला. त्यात आता लिहिलं होतं: ‘गाडीच्या उत्पादन वर्षाबाबत ग्राहकाची तक्रार होती. ती परस्पर सहमतीने मिटली आहे.’ लेकीनं सही केली, मी साक्षीदार म्हणून केली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती. ह्यांनी चष्मा शोधला आणि सही केली.